मेंदूच्या चकतीतली टाचणी

आमचे हे तेहेतीस वर्षं मेंदू कापतायत. असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग हळूच दाराकडे. घाबरू नका. ते मेडिकल कॉलेजात अटेंडंट आहेत, शरीररचना शिकवतात त्या विभागात. डॉक्टर होणारी पोरं ज्या मेंदूंवर शिकतात ते बरणीतून काढायचे, धुवायचे, कापायचे, दाखवून झाले की पुन्हा बरणीत ठेवायचे, हे त्यांचं काम. शिक्षण दहावीपर्यंत. पण तिथे कुणालाही विचारा, मोठे मोठे सर्जन होऊन गेलेले लोक अजून "मामा आहेत का?" म्हणत विभागात डोकावतात.

लग्नाआधी मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा मेडिकल कॉलेजात असतो. 'असतो' म्हणजे नेमकं काय करतो, हे विचारायचं आमच्याकडे एकालाही सुचलं नाही. मी मनात म्हटलं, कारकून तरी असेल. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ह्यांचा शर्ट धुवायला घेतला तर डोळ्यांतून पाणी. असला उग्र वास! जेवताना विचारलं, "अहो, तुम्ही कॉलेजात करता काय?" तर हे शांतपणे म्हणाले, "मेंदूंचं बघतो." माझा घास हातातच राहिला. पुढे दोन दिवस मी ह्यांच्या हातून पाण्याचा ग्लाससुद्धा घेतला नाही. आता त्याच वासात माझी उभी हयात गेली, आणि सुट्टीच्या दिवशी तो वास नसला की घरात काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. जळ्ळी मेली सवय, दुसरं काय!

कामाला लागले तेव्हा ह्यांचं वय एकोणीस. तिथे एक जुने अटेंडंट होते, त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. पहिल्या दिवशी उस्तादांनी बरणीचं झाकण उघडलं आणि आमचे वीर तिथेच आडवे. तोंडावर पाणी मारून उस्ताद म्हणाले, "पडलास ते बरं झालं. जो पडत नाही, त्यानं नीट बघितलेलंच नसतं." त्यांनीच ह्यांना सुरी धरायला शिकवलं. लांब पात्याची सुरी, एकच ओढ, करवतीसारखं मागेपुढे करायचं नाही, आणि चकती बोटभर जाडीची. सुरी लावायच्या आधी उस्ताद त्या मेंदूला हळूच "माफ करा" म्हणायचे. हेही म्हणतात. तो मेंदू कुणाचा तरी होता, त्यात कुणाची तरी भांडणं होती, कुणाची तरी माया होती, असं ह्यांचं म्हणणं. मी एकदा गंमत केली, "मला कधी जन्मात माफ करा म्हणाला नाहीत!" तर म्हणाले, "तुझ्यावर सुरी कुठे चालवलीय?"

परीक्षा जवळ आली की दुपारी पोरं ह्यांच्याभोवती गोळा होतात. वर्गात सर मोठमोठे शब्द सांगतात, ते पोरांच्या डोक्यावरून जातात. मग मामा ट्रे पुढे ओढतात. "हे बघा, कपाळामागचा हा भाग म्हणजे घरातला कर्ता माणूस. काय करायचं, काय टाळायचं, कुठे तोंड उघडायचं, कुठे मूग गिळून बसायचं, हे सगळं हा ठरवतो. आणि हा पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते, तेव्हा तुमचा अजून कच्चाच आहे. डोळे पुढे असले तरी बघणारा मागे बसलाय, हा इथे, डोक्याच्या पाठीमागे. कानाशेजारचा हा ऐकतो. वर मधोमध ही पट्टी हातपाय हलवते. डावी पट्टी उजवा हात हलवते, उजवी डावा. आणि मागे खाली हा जो बारीक बारीक घड्यांचा गोळा आहे ना, तो लहान मेंदू. तोल त्याचा, हाताची सफाई त्याची. तुमची मामी मशीनवर शिवते, तोंडानं शेजारणीशी गप्पा चाललेल्या असतात, तरी टीप वाकडी जात नाही. ती मेहेरबानी या गोळ्याची."

मामी म्हणजे मी. मी घरी शिवणकाम करते. त्या पोरांचे पांढरे एप्रन निम्मे माझ्याच हातचे.

"आणि सगळ्यांत खाली हा देठ," हे सांगतात. "श्वास, छातीचे ठोके, गिळणं. बाकीचे झोपतात, याला सुट्टी नाही. याचं कुणी कौतुक करत नाही, पण हा थांबला की खेळ खलास." हे एकदा मी ऐकलं आणि म्हटलं, "म्हणजे या घराचा देठ मीच की!" तर म्हणतात कसे, "हो. म्हणून तर तुझं नाव कुणी काढत नाही." त्या संध्याकाळी मी चहा केला नाही. ह्यांनी एकट्यानं करून प्यायला आणि माझ्यासाठीही कपात झाकून ठेवला, तो भाग वेगळा.

आता पुढची गोष्ट कळायला मेंदूतली दोन ठिकाणं तेवढी लक्षात ठेवा. मोठी नावं आहेत, पण हे त्यांना बदाम आणि गुंडाळी म्हणतात. कानाच्या आतल्या बाजूला खोलवर बदामाएवढा एक गोळा असतो, त्याचं काम भीती. त्याला अगदी चिकटून मागे एक गुंडाळलेला भाग असतो, त्याचं काम आठवण. आमची लेक, तिला आम्ही बबडी म्हणतो, पाच वर्षांची असताना कोपऱ्यावरचं कुत्रं तिच्या अंगावर धावून आलं. पुढे सहा महिने ती त्या गल्लीत पाऊल टाकेना. तेव्हा हे मला म्हणाले, "गल्ली कुठली ते गुंडाळीनं धरून ठेवलंय, आणि पाय थरथरतात ते बदामामुळे. शेजारी शेजारी राहतात दोघं, एकमेकांचं ऐकतात." मी म्हटलं, "पुरे झालं पुराण, तिला कडेवर घ्या आणि पलीकडे नेऊन सोडा." सहा महिने ह्यांनी तिला रोज कडेवर नेलं.

तीच बबडी मोठी झाली आणि ह्यांच्याच कॉलेजात डॉक्टरकीला लागली. स्वतःच्या गुणांवर हो, कुणाच्या वशिल्यावर नाही. तिचा एप्रन शिवताना माझ्या डोळ्यांपुढचं दिसेना. हे तर आठवडाभर असे चालत होते की पाय जमिनीला लागतायत की नाही कोण जाणे. आणि वर्षअखेरीला पोरगी प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली.

येत नव्हतं म्हणून नाही. रांगत होती तेव्हापासून तिनं मेंदूची नावं ऐकलीत. पण ती परीक्षाच विचित्र. हॉलमध्ये ओळीनं पंचवीस ट्रे मांडलेले असतात. प्रत्येक ट्रेमध्ये एक भाग आणि त्यात लाल डोक्याची एक टाचणी खोचलेली. टाचणी जिथे आहे त्याचं नाव लिहायचं आणि काम लिहायचं, एकेक गुण. मिनिटानं घंटा वाजते, की पुढच्या ट्रेपाशी सरकायचं. मागे वळायचं नाही. पन्नासपैकी पंचवीस मिळाले तर पास. बबडीचं काय व्हायचं, तर पहिली घंटा वाजली की तळव्यांना घाम आणि डोक्यात अंधार. समोर दिसतंय ते दिसेनासं व्हायचं. पहिल्या खेपेला तिला एकोणीस मिळाले.

कॉलेजचा नियम असा की दोनच संधी. दुसऱ्यांदा नापास झाली तर नाव कमी. म्हणजे डॉक्टरकी संपली, घरी बसा. आमच्या घरात तीन महिने दुसरा विषय नव्हता.

आणि खरी मेख पुढेच. त्या ट्रेमध्ये टाचण्या लावणार कोण? आमचेच हे! परीक्षेला पंधरा दिवस असताना हे विभागाच्या मुख्य मॅडमपुढे जाऊन उभे राहिले. "मॅडम, माझी मुलगी बसतेय. मला त्या दिवशी सुट्टी द्या." मॅडम म्हणाल्या, "मामा, तुमच्याशिवाय पंचवीस ट्रे कोण लावणार? नव्या माणसाकडे दिलं तर चकत्यांचा चुरा करेल. असं करू, कुठल्या टाचण्या कुठे लावायच्या ती यादी मी त्याच दिवशी सकाळी सहाला तुमच्या हातात देईन. आणि तुमच्या मुलीची बॅच आत यायच्या आधी तुम्ही हॉलबाहेर." झालं, संपला प्रश्न. कुणीही तेवढ्यावर खूश झाला असता. पण आमच्याकडे समाधान कसलं! ह्यांनी डोक्यात घेतलं की यादी नसली तरी कुठले मेंदू धुऊन बाजूला काढलेत हे आपल्याला माहीत आहे, आणि बोलता बोलता तोंडातून काही निसटलं तर? म्हणून परीक्षेआधी आठ दिवस ह्यांनी बोलणंच बंद केलं.

बंद म्हणजे बंद. ताकास तूर लागू देईनात. तोवर रोज संध्याकाळी बापलेक समोरासमोर बसून अभ्यास करायचे, तेही थांबलं. पोरगी विचारायची, "बाबा, लहान मेंदूला रक्त कुठून येतं?" तर हे उठून रेडिओ मोठा करायचे. मी एकदा सहज म्हटलं, "या भाजीचे देठ काढू का राहू देऊ?" तर छताकडे बघत बसले. म्हटलं, "अहो, भाजीचे! माणसाचे नाहीत!" तरी मान हलेना. माझ्या डोक्यात राखच गेली. लोकांचे नवरे मुलांसाठी काय काय करतात, आणि हा माणूस पोरीला ऐन वेळी वाऱ्यावर सोडतोय, असं मी त्यांच्या तोंडावर बोलले. त्यांनी तेही ऐकून घेतलं. बबडी मात्र हसायची. "असू दे गं आई, बाबांचं बरोबर आहे," म्हणायची आणि पुस्तक घेऊन आत जायची.

परीक्षेच्या दिवशी हे पहाटेच गेले. पहिली बॅच सव्वादहाला होती, दुसरी अकराला. बबडी दुसऱ्या बॅचला. ती साडेबाराला घरी आली, पाणी प्यायली आणि "आई, काही विचारू नकोस" म्हणून आत जाऊन पडली. हे रोज साडेतीनला येतात. त्या दिवशी एकच्या सुमाराला चपलांचा आवाज आला. बघते तर हे. मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसले आणि आठ दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"माझ्या हातून चूक झाली."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. चूक झाली तरी म्हणत नाहीत! मी मशीन थांबवलं.

ह्यांनी मला समजावलं ते माझ्याच कापडावर. मशीनवर एक झबलं होतं, वर फुलांचं कापड आणि आतून पट्ट्यांचं अस्तर. ह्यांनी टाचणी घेतली आणि आरपार खुपसली. "हे बघ, वरून फुलावर आहे ना? आता उलटं कर. भोक तेच, पण टाचणी पट्टीवर." मग म्हणाले, "चौदा नंबरच्या ट्रेमध्ये अशीच एक चकती होती. तिच्या मागच्या बाजूला गुंडाळी दिसते, पुढच्या बाजूला बदाम. बोटभर जाडीत दोघं पाठीला पाठ लावून. यादीत गुंडाळी होती. पहिल्या बॅचला मी बरोबर लावली. दोन बॅचच्या मधे चकत्या पाण्यातून काढायच्या असतात, नाहीतर वाळून त्यांचा रंग जातो. दहा मिनिटं होती. बबडीची बॅच दाराशी आली होती, तिच्यासमोर पडायचं नाही म्हणून मी घाई केली. ती चकती पाण्यातून काढून उलटी ठेवली गेली. आणि टाचणी खोचली, त्याच जुन्या भोकात."

"म्हणजे बदामावर?"

"अगदी मधोमध. आत्ता टाचण्या काढताना बघितलं."

मी डोक्याला हात लावला. पोरीची नजर चुकवायला हा माणूस गेला आणि भलतंच होऊन बसलं! "कुणाच्या लक्षात आलंय?"

"कुणाच्या नाही. मॅडम आणि बाहेरचे परीक्षक जेवायला गेलेत. तीनला पेपर तपासायला बसतील. यादीत गुंडाळी आहे, तेव्हा ज्यानं गुंडाळी लिहिलं त्याला गुण देतील. ज्या पोरांनी नीट बघून बदाम लिहिलं, त्यांचे कापतील. वीस पोरं आहेत त्या बॅचला. मला जाऊन सांगायला हवं."

खोटं कशाला सांगू, मी म्हटलं, "गप्प बसा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"आणि लोक काय म्हणतील? नेमकी पोरीच्याच बॅचला मामांची टाचणी चुकली! तेहेतीस वर्षांचं नाव एका दुपारी धुऊन निघेल."

"म्हणतील," हे म्हणाले. पण जागचे हलले नाहीत, म्हणजे भीती त्यांनाही वाटत होती. हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले होते.

मग मी दुसरी शक्कल काढली. माझंही डोकं चालतं म्हटलं. "बरं, सांगायचंच असेल तर आधी पोरीला विचारू. तिनं बदाम लिहिलं असेल तर पळत जा. आणि तिनं गुंडाळी लिहिलं असेल..."

"नाही." एवढ्या जोरात ओरडले की मी दचकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला विचारायचं नाही. विचारून गेलो तर मी चूक सांगायला गेलो असं होणार नाही. मी गुणांचं दुकान मांडल्यासारखं होईल." आणि तोंड धुवायला मोरीत गेले.

नळाचा आवाज सुरू झाला आणि मी उठले. मला माहीत होतं आपण काय करतोय. तरी गेले. आई आहे मी. दार लोटलं तर बबडी जागीच होती, छताकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होती.

"कशी गेली गं?" मी पलंगावर टेकले. "त्या चकतीला काय लिहिलंस? चौदा नंबरला?"

तिला नवल वाटलं असणार, नंबर मला कसा ठाऊक म्हणून. पण तिचं डोकं तिथे नव्हतं. "गुंडाळी लिहिलं. आई, खरं सांगू? मला ना तिथे बदाम दिसत होता. स्पष्ट. गोळाच होता, गुंडाळी नव्हतीच. पण बाबा त्या चकतीत नेहमी गुंडाळीवरच टाचणी लावतात, मी कितीदा बघितलंय. म्हटलं, बाबांची टाचणी चुकायची नाही. मलाच घाबरून भलतं दिसतंय. म्हणून जे दिसत होतं ते खोडलं आणि गुंडाळी लिहिलं."

ती पुढे मोजत होती. "तेरा ट्रे नक्की बरोबर आलेत. चौदा नंबर धरून. म्हणजे सव्वीस. बाकीचं सगळं अंधारात तीर. पण सव्वीस झाले ना गं? होईन ना मी पास?"

सव्वीस. त्यातले दोन गेले की चोवीस. हिशेब करायला मला कॉलेजात जायची गरज नव्हती. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बाहेर आले.

हे दारात चपला घालत होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर होतं सगळं. एक वाक्य बोलले असते, तर हा माणूस स्टुलावर येऊन बसला असता, हे मला आतून माहीत होतं. कुठला बाप उठून गेला असता? नुसता हात धरला असता तरी पुरे होतं. पण मला ती बाकीची पोरं दिसायला लागली. माझ्याच हातचे एप्रन घातलेली. त्यांतल्या कुणाची तरी दुसरी खेप असेल, कुणाचीतरी आई अशीच दारात उभी असेल. आणि माझ्या पोरीसारखी नाही, त्यांनी डोळ्यांना दिसलं ते लिहिलेलं. मी दाराची कडी धरून उभी राहिले. "ऊन आहे," एवढंच म्हणाले. "सावलीनं जा."

हे गेले आणि मी मशीनवर डोकं ठेवून पोटभर रडले. रडताना ह्यांना शिव्या दिल्या, उस्तादांना दिल्या, त्या चकतीला तर लाखोली वाहिली.

आवाज ऐकून बबडी बाहेर आली. तिला सांगावंच लागलं. चकती कशी उलटली, बाबा कुठे गेले, सगळं. ती खुर्चीवर बसली आणि तिनं विचारलं, "बाबांनी मला का नाही विचारलं, मी काय लिहिलंय ते?"

"नको म्हणाले."

"बरं झालं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, माझं मला माहीत नाही." मग उठली आणि न सांगता माझ्या मशीनखालच्या चिंध्या गोळा करायला लागली. काहीतरी करत राहिली बिचारी. तीन वाजले, चार वाजले, पाच वाजले. आमचा दोघींचा जीव टांगणीला. घड्याळ मी उलटं करून ठेवलं.

सहाला हे आले. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. पाणी मागितलं. सगळा ग्लास संपवला, आणि म्हणाले, "पंचवीस."

बबडीनं विचारलं, "काय पंचवीस?"

"काय म्हणजे? तुझे गुण. पास झालीस."

बबडी मटकन खालीच बसली. आणि मी? सांगायला लाज वाटते, पण मी ह्यांच्या दंडावर एक फटका मारला. "आधी सांगता येत नाही? पाणी कसलं पिता!"

मग हळूहळू सगळं कळलं. ह्यांनी चकती ट्रेसकट मॅडमपुढे नेली आणि भोक दाखवलं. बाहेरचे परीक्षक मोठे खडूस होते. त्यांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "तुमची मुलगी याच बॅचला ना हो?" हे म्हणाले, "हो." "तिनं काय लिहिलंय?" "मी विचारलेलं नाही." "विचारलेलं नाही?" म्हणून ते हसले म्हणे, आणि सगळ्यांत आधी तिचाच पेपर काढायला लावला. बघतात तर बदाम खोडून गुंडाळी लिहिलेली. तेव्हा त्यांचं हसू गेलं. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "मामा, तुमच्या मुलीचेच दोन गुण जातात." हे म्हणाले, "गेले पाहिजेत. टाचणी बदामावर होती." त्या बॅचमध्ये बदाम लिहिणारी सात पोरं निघाली. त्यांना गुण मिळाले. त्यातली एक मुलगी दुसऱ्या खेपेचीच होती, तीही काठावर पास झाली. हे बाहेर बाकावर बसून राहिले, शेवटचा पेपर होईपर्यंत. बबडीला एका ट्रेवर नाव आठवलं नव्हतं, पण त्याचं काम तिनं बरोबर लिहिलं होतं. त्या एका गुणानं पोरीला तारलं. मॅडम स्वतः बाहेर येऊन सांगून गेल्या.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं आता तरी हा माणूस पोरीला जवळ घेईल, शाबासकी देईल. कसलं काय! हे तिच्यावर गरजले. "समोर बदाम दिसत होता ना? मग खोडलास कशाला?"

"तुमची टाचणी चुकेल असं माझ्या मनातच आलं नाही, बाबा."

"तिथे बाप बघायचा नसतो, टाचणी बघायची असते! उद्या रोगी समोर असेल आणि एखादा मोठा डॉक्टर म्हणेल, काही झालेलं नाही याला. तुला दिसत असेल झालंय, तर काय करशील? खोडशील?"

"नाही," ती म्हणाली, रडत आणि हसत. "नाही खोडणार."

"मोठ्यानं बोल."

"नाही खोडणार!"

मग ह्यांनी तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं. बराच वेळ धरलं. आणि तिथूनच माझ्याकडे बघून म्हणाले, "आता हिला काय विचारायचं असेल ते विचारू दे. आठ दिवसांचं तुंबलंय." त्यांनी दोघांनी लगेच बोलायला सुरुवात केली ती जेवायची ताटं मांडेपर्यंत. लहान मेंदूला रक्त कुठून येतं इथपासून. परीक्षा संपली होती तरी!

जेवणं झाल्यावर बबडी मैत्रिणीकडे निकाल सांगायला गेली. मी भांडी घासत होते, हे पुसून फळीवर लावत होते. माझ्या मनाला टोचणी लागली होती. इतक्या वर्षांत ह्यांच्यापासून काही लपवलेलं नाही, आणि नेमकं हेच लपवून कसं चालेल? कर नाही त्याला डर कशाला म्हणतात, पण मी तर केलं होतं.

"अहो, एक सांगायचंय. तुम्ही तोंड धुवायला गेलात ना दुपारी, तेव्हा मी आत जाऊन तिला विचारलं होतं. तिनं गुंडाळी लिहिलंय हे मला माहीत होतं. तिचे दोन गुण जाणार, ती नापास होणार, हेही माहीत होतं. आणि मी तुम्हाला काही सांगितलं नाही."

ह्यांनी हातातलं ताट पुसून झाल्यावर फळीवर ठेवलं. "मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तू आतून बाहेर आलीस, तेव्हा तुझा चेहरा बघितला मी. तेव्हाच कळलं तिनं काय लिहिलंय."

माझ्या हातातलं भांडं निसटलं. "अहो! कळलं होतं? मग पोरगी नापास होणार हे माहीत असून गेलात कसे?"

हे भांडं उचलून माझ्या हातात देत म्हणाले, "माझे पाय कुठे उचलत होते! चपलेचा पट्टा दोनदा काढून दोनदा घातला. वाटलं, तू अडवशील. तू अडवलं नाहीस, म्हणून जाता आलं."